जखमेवर मध आणि सोबत दुसरं जंतुनाशक: काय जुळतं, काय नाही, कोणत्या क्रमाने लावायचं

मधुमेहाच्या रुग्णाच्या पायाला जखम झाली की आठवड्याभरात घरात औषधांचा एक ट्रे भरतो. बीटाडीनची बाटली, मुपिरोसिनची ट्यूब, सिल्व्हर सल्फाडायझीनचा, म्हणजे चांदीच्या क्रीमचा, पांढरा डबा, सोफ्रामायसिन, आणि कुणीतरी सांगितलं म्हणून आणलेला मध. मग प्रत्येकातलं थोडं थोडं एकावर एक लावलं जातं. दोन औषधं मिळून दुप्पट काम करतील, असा त्यामागचा हिशेब असतो. मधाच्या बाबतीत तो बहुतेक वेळा उलटा पडतो, कारण मधाचं काम आंबटपणावर, एका नाजूक एन्झाइमवर आणि जखमेशी थेट संपर्कावर चालतं. या तिन्हींना बिघडवणारी औषधं त्याच ट्रेमध्ये असतात.

मधाची दुसऱ्या जंतुनाशकाशी जोडी लावता येते, आणि काही जोड्या खरोखर चांगल्या आहेत. फक्त ती वाटीत कालवून लावायची नसते. एक औषध त्याचं काम करून पूर्ण धुतलं जातं आणि मग मध येतो, किंवा एक औषध तोंडावाटे जातं आणि मध जखमेवर राहतो. खालची सगळी माहिती याच धोरणावर उभी आहे. जखम डॉक्टरांना दाखवलेली आहे आणि ड्रेसिंग घरी किंवा नर्सकडून होतं आहे, असं इथे धरलं आहे.

मध जखमेत काय करतो

मधात साधारण ८० टक्के साखर आणि १७-१८ टक्के पाणी असतं. साखर हे पाणी इतकं धरून ठेवते की जंतूंना वाढायला मोकळं पाणी मिळत नाही. हीच ओढ जखमेच्या तळातून स्राव वर खेचते, त्यामुळे चिकटलेला पिवळा सडका थर, म्हणजे स्लफ, सुटायला लागतो. शिवाय मध आंबट असतो, पीएच साधारण ३.२ ते ४.५.

तिसरी गोष्ट मधमाशीकडून आलेली: ग्लुकोज ऑक्सिडेज हे एन्झाइम. घट्ट मधात ते जवळपास निष्क्रिय असतं. जखमेच्या ओलीने मध पातळ झाला की ते ग्लुकोजपासून ग्लुकोनिक आम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करू लागतं. बाटलीतल्या ३ टक्के पेरॉक्साइडच्या मानाने हे प्रमाण साधारण हजारपट कमी असतं, पण ते तासन्‌तास थोडं थोडं बनत राहतं. म्हणूनच ते जंतूंना त्रास देतं आणि नव्या पेशींना फारसं जाळत नाही. मध तापवला की हे एन्झाइम मरतं.

न्यूझीलंडच्या मनुका मधाची ताकद वेगळ्या जागी आहे. मनुका हे तिथलं एक झुडूप, आपल्या सुक्या मनुकांशी त्याचा संबंध नाही. त्याच्या फुलांच्या मकरंदात डायहायड्रॉक्सीॲसिटोन असतं, आणि मध साठवणीत असताना त्याचं मिथाइलग्लायऑक्सल होतं. मनुकाच्या असामान्य गुणामागे हे रसायन आहे, हे २००८च्या सुमारास जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या आणि न्यूझीलंडच्या संशोधकांनी दाखवलं. रक्तात आणि स्रावात कॅटलेझ हे एन्झाइम असतं, ते पेरॉक्साइड तोडून टाकतं. मिथाइलग्लायऑक्सलला ते हात लावत नाही. म्हणून खूप वाहणाऱ्या जखमेत मनुका मध जास्त टिकतो.

या विषयाशी महाराष्ट्राचं जुनं नातं आहे. १९९१ साली सोलापूरच्या डॉ. वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालयातून डॉ. एम. सुब्रह्मण्यम यांनी १०४ भाजलेल्या रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. निम्म्यांना मध, निम्म्यांना सिल्व्हर सल्फाडायझीनचं गॉज. सात दिवसांत मधाच्या गटातल्या ९१ टक्के जखमा जंतुमुक्त झाल्या, दुसऱ्या गटातल्या ७ टक्के. पुढे या चाचण्यांच्या आखणीवर टीकाही झाली. कोक्रेन ही वैद्यकीय पुराव्यांचे आढावे घेणारी संस्था. तिच्या २०१५च्या आढाव्याने सगळ्या चाचण्या एकत्र पाहिल्या. वरवर भाजलेल्या जखमा मधाने नेहमीच्या उपचारांपेक्षा चार-पाच दिवस लवकर भरतात असा निष्कर्ष निघाला. पायाच्या नसांच्या फुगीमुळे होणाऱ्या व्रणांवर मात्र मधाचा फायदा दिसला नाही.

इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. माणसांवरच्या या चाचण्यांचा प्रश्न बहुतेक ‘मध की दुसरं औषध’ असा होता. ‘मध आणि दुसरं औषध’ याचा पुरावा मुख्यतः प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत आहे. त्यामुळे कुणी दोन्ही मिसळून तयार केलेलं घरगुती मलम घेऊन आलं, तर त्याला पाठिंबा देणारं रुग्णांवरचं काम जवळपास नाही.

कोणता मध वापरायचा

जखमेसाठी वैद्यकीय दर्जाचा, गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेला मध घ्यायचा. तो ट्यूबमध्ये किंवा आधीच मध मुरवलेल्या ड्रेसिंगच्या रूपात मिळतो. अशा मनुका मधाच्या ड्रेसिंगला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००७ साली मान्यता दिली. गॅमा किरणांनी मधाची जंतुनाशक शक्ती फारशी घटत नाही. उकळून निर्जंतुक करायला गेलात तर एन्झाइम संपतं.

महाबळेश्वरचा कारवीचा किंवा जांभळाचा मध कितीही शुद्ध असला, तरी तो खाण्यासाठी आहे. कच्च्या मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनमचे बीजाणू असू शकतात. एक वर्षाखालच्या बाळाला मध चाटवायचा नाही तो याच कारणाने. खोल, हवा न पोचणाऱ्या जखमेत असे बीजाणू जाऊ देणं बरोबर नाही. आग्या मोहोळाच्या पिळून काढलेल्या मधात पाणी जास्त असतं, तो आंबतो. दुकानातल्या बाटलीत साखरेचा पाक असू शकतो, आणि पाकात ना ते एन्झाइम ना तो आंबटपणा.

एक ट्यूब एकाच रुग्णासाठी. तोंड जखमेला लावायचं नाही. उघडल्याची तारीख ट्यूबवर लिहायची आणि पाकिटावर दिलेल्या मुदतीत संपवायची.

मध लावायचाच नाही अशा जखमा

कुत्रा, मांजर, माकड चावलं असेल तर साबण आणि वाहत्या पाण्याने पूर्ण १५ मिनिटं धुणं, मग पोव्हिडोन आयोडीन (म्हणजे बीटाडीन), आणि त्याच दिवशी रेबीजची लस. जखम रक्ताळलेली असेल तर इम्युनोग्लोब्युलिनचं, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं, इंजेक्शनही. मध, हळद, तिखट, चुना यातलं काहीही नाही.

खिळा घुसल्याची खोल, अरुंद जखम, कातडीची पूर्ण जाडी जाळणारं भाजणं, हाड किंवा स्नायूबंध दिसणारी जखम, रक्त वाहणारी जखम, डोळ्याजवळची जखम, आणि रक्तपुरवठा नसलेल्या पायावरची कोरडी काळी खपली: यातही घरी मध नाही. कोरड्या काळ्या टाचेला ओलं केलं की तिथे जंतूंना वाट मिळते. मधमाशीच्या दंशाची किंवा मधाची ॲलर्जी असेल तर अर्थातच नको. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं ते आठवत नसेल तर ते आधी.

मूळ ड्रेसिंग, पायरीपायरीने

जोडी कोणतीही असो, हे ड्रेसिंग नीट जमलं पाहिजे. बहुतेक तक्रारी इथेच जन्मतात.

लागणारं सामान: ०.९ टक्के नॉर्मल सलाइन, निर्जंतुक गॉज, वैद्यकीय मध, २० मिलीची सिरिंज (सुईशिवाय), हातमोजे, शोषक पॅड, रोलर बँडेज, कागदी टेप, झिंक ऑक्साइड किंवा व्हॅसलीन, सेंटिमीटरची पट्टी. सलाइन घरी करायचं असेल तर १ लिटर पाण्यात ९ ग्रॅम मीठ (सपाट दीड चमचा, ५ मिलीचा), १० मिनिटं उकळून झाकून गार केलेलं, २४ तासांत वापरून उरलेलं ओतून द्यायचं.

१. साबणाने हात धुऊन जुनं ड्रेसिंग काढा. चिकटलं असेल तर ओढू नका. सलाइन ओतून पाच मिनिटं थांबा. मधाचं ड्रेसिंग सहज सुटायला हवं. ते वाळून चिकटलं असेल तर मध कमी पडला, किंवा पुढच्या वेळी लवकर बदलायला हवं.

२. काढलेलं पॅड पाहा. किती भिजलं, रंग काय, वास कसा. हिरवट-निळसर डाग आणि गोडसर उग्र वास असेल तर सुडोमोनास जंतूचा संशय घ्यायचा. त्याची जोडी पुढे दिली आहे.

३. सिरिंजने सलाइनचा झोत देऊन जखम धुवा. १०० ते २०० मिली लागतात. जुना मध, सुटलेला स्लफ, आधीचं मलम, सगळं निघालं पाहिजे. तळ कापसाने घासायचा नाही. कापसाचे धागे आत राहतात.

४. भोवतालची कातडी टिपून कोरडी करा. जखमेच्या कडेपासून बाहेर २ सेंटिमीटरपर्यंत झिंक ऑक्साइडचा किंवा व्हॅसलीनचा पातळ थर द्या. मध स्राव ओढतो, तो कडेवर साचला की कातडी पांढरी पडून फुगते. हा थर आत तळावर सांडू द्यायचा नाही. तळ तेलकट झाला की मध त्याला भिडत नाही.

५. मध जखमेवर पिळण्याऐवजी गॉजवर पसरा. १० × १० सेंटिमीटरच्या गॉजला २० मिली, म्हणजे २५-३० ग्रॅम. डोळ्यांना हे जास्त वाटतं, पण एवढा हवाच. पातळ थर दिला तर स्राव तासाभरात त्याला पाणी करून टाकतो. खळगा असेल तर आधी खळग्यात मध भरा, मग वर गॉज. गॉज खळग्यात ठासून भरू नका.

६. वर शोषक पॅड, जखमेच्या कडेपलीकडे चारी बाजूंनी किमान ३ सेंटिमीटर. मग बँडेज. पायाला बांधताना बोटांकडून वर, आणि बोटं उघडी ठेवायची म्हणजे रंग दिसतो.

७. पहिले दोन-तीन दिवस रोज बदला, पॅड बाहेरपर्यंत भिजलं तर दिवसातून दोनदाही. स्राव कमी झाला की एक दिवसाआड, मग तीन दिवसांनी.

लावल्यावर दहा-पंधरा मिनिटं झोंबतं. आंबटपणा आणि ओढ, दोन्हींमुळे. डॉक्टरांनी चालेल म्हटलं असेल तर अर्धा तास आधी पॅरासिटामॉल. झोंबणं तासाभरानेही टिकलं किंवा दर वेळी वाढत गेलं तर मध धुऊन टाका.

आता जोड्या

पोव्हिडोन आयोडीन. मातीत पडून झालेल्या, पू असलेल्या जखमेत पहिले दोन-तीन दिवस हे उपयोगी पडतं. पण आयोडीन सेंद्रिय पदार्थावर लगेच खर्च होतं. पू, रक्त, स्लफ यांनीच ते थकतं, त्यात मधाची भर घातली तर दोघांचंही नुकसान. शिवाय ते ऑक्सिडीकारक आहे, मधाच्या एन्झाइमला आणि इतर उपयोगी घटकांना सोडत नाही. म्हणून क्रम असा: सलाइनने धुवा, ५ किंवा १० टक्क्यांचं आयोडीन द्रावण गॉजने लावून २-३ मिनिटं ठेवा, पुन्हा सलाइनने तपकिरी रंग पूर्ण जाईपर्यंत धुवा, टिपा, मग मध. रंग उरला असेल तर आयोडीन उरलं आहे. जखम लाल आणि स्वच्छ झाली की आयोडीन बंद. नव्या पेशींवर ते रोज ओतण्यात तोटाच. थायरॉइडचा आजार, गरोदरपण आणि लहान बाळ यांत विचारल्याशिवाय नको.

हायड्रोजन पेरॉक्साइड, युसोल, डेटॉल. फेस दिसतो म्हणून ३ टक्के पेरॉक्साइड लोकांना आवडतं. मध ज्या पदार्थाची बारीक धार जखमेत सोडतो त्याचाच पूर ओतण्यात काही साधत नाही, नव्या पेशी मात्र मरतात. युसोल हे जखमा धुण्याचं जुनं क्लोरीनयुक्त द्रावण. त्याचं आणि हायपोक्लोराइटचं क्लोरीन मधाची साखर आणि प्रथिनं खाऊन संपतं. काही वॉर्डांत युसोल अजून चालतं. डॉक्टरांनी ते सांगितलं असेल तर त्या काळात मध थांबवा, दोन्ही एका ड्रेसिंगमध्ये नको. डेटॉल उघड्या जखमेच्या तळावर कधीच नाही.

क्लोरहेक्सिडीन. ०.०५ टक्क्यांचं पाण्यातलं द्रावण जखम धुण्यासाठी चालतं. सॅव्हलॉनमध्ये त्याच्यासोबत सेट्रिमाइड हा साबणासारखा घटकही असतो, तो तळाला झोंबतो. मध लावायचा असेल तेव्हा मात्र क्लोरहेक्सिडीनने फक्त भोवतालची कातडी पुसायची, तळ सलाइननेच धुवायचा, मग मध. कानाच्या आणि डोळ्याच्या आसपास क्लोरहेक्सिडीन नको.

व्हिनेगर. आमच्या मते मधासोबतची धुण्याची सगळ्यात चांगली जोडी हीच. ॲसेटिक आम्ल सुडोमोनासवर चालतं हे भाजलेल्यांच्या वॉर्डांत फार पूर्वीपासून माहीत आहे. अलीकडे इंग्लंडमध्ये प्रयोगशाळेत मध आणि ॲसेटिक आम्ल एकत्र करून पाहिलं, तेव्हा जंतूंच्या चिवट थरावर, म्हणजे बायोफिल्मवर, दोन्हींचा मिळून परिणाम एकेकट्यापेक्षा जास्त दिसला. मुळात दोन्ही आंबट, आणि व्हिनेगर आयोडीनसारखं ऑक्सिडीकारक नाही, त्यामुळे भांडण नाही. करायचं असं: लेबलवर ४ ते ५ टक्के लिहिलेलं साधं पांढरं व्हिनेगर १ भाग आणि उकळून गार केलेलं पाणी ४ भाग, उदाहरणार्थ २० मिली आणि ८० मिली. साधारण १ टक्क्याचं द्रावण होतं. त्यात भिजवलेलं गॉज जखमेवर १० मिनिटं, मग सलाइनने हलकं धुऊन मधाचं ड्रेसिंग. रोज एकदा, ५ ते ७ दिवस, पॅडवरचा हिरवा डाग जाईपर्यंत. द्रावण रोज नवं. प्रयोगशाळेत मिळणारं तीव्र ॲसेटिक आम्ल आणून पातळ करायचं धाडस कुणी करू नये, ते कातडी जाळतं. आणि हिरवा स्राव असताना ही जोडी डॉक्टरांना सांगून सुरू करा. मधुमेहात सुडोमोनास खोल गेला असेल तर धुण्याने भागत नाही.

सिल्व्हर सल्फाडायझीन आणि चांदीची ड्रेसिंगं. इथे सगळ्यात जास्त घोळ होतो, कारण भाजलेल्यावर दोन्हीही लावतात. चांदी काम करते ती आयनाच्या रूपात. मधातली साखर चांदीच्या आयनांना साध्या धातूत बदलू शकते. प्रयोगशाळेत चांदीचे नॅनोकण बनवायला मध वापरतात तो याच गुणामुळे. म्हणजे पांढऱ्या क्रीमवर मध ओतला तर महागडी चांदी निकामी व्हायचा धोका, आणि क्रीमच्या थरामुळे मध तळापर्यंत पोचतही नाही. चांदीवरून मधावर जायचं असेल तर एकाच बैठकीत जाता येतं, दिवसांचं अंतर ठेवायची गरज नाही, पण क्रीमचा शेवटचा अंश निघाला पाहिजे. सिल्व्हर सल्फाडायझीनने तळावर करडा-पिवळा बुळबुळीत पापुद्रा येतो. तो पू समजून घाबरू नका. कोमट सलाइनचं ओलं गॉज १० मिनिटं ठेवलं की तो सुटतो. त्याखालची जखम पाहिल्याशिवाय मध लावू नका. चांदी दोन आठवडे वापरून फरक नसेल तर पुढे रेटत राहू नये, हा सर्वसाधारण नियम आहे. मधाकडे वळायचा विचार तेव्हाच करावा. सल्फाची ॲलर्जी, दोन महिन्यांखालचं बाळ आणि गरोदरपणाचे शेवटचे आठवडे यात सिल्व्हर सल्फाडायझीन नको, तिथे डॉक्टर मधाचा पर्याय निवडू शकतात.

मुपिरोसिन आणि फ्युसिडिक ॲसिड. ही २ टक्क्यांची मलमं दिवसातून तीनदा लावायची असतात. मधाचं ड्रेसिंग दिवसभर किंवा तीन दिवस बंद राहतं. वेळापत्रकच जुळत नाही. फ्युसिडिक ॲसिडच्या मलमाचा पाया पॅराफिन आणि लॅनोलिनचा असतो, तो तळावर तेलाचा पडदा करतो. म्हणून जागा वाटून द्या: कडेच्या कातडीवर फोड, पिवळी खपली असेल तर तिथे मलम, तळात मध. मुपिरोसिन १० दिवसांपेक्षा जास्त नाही. ‘मध लावतोय, मग मलम कशाला’ असंही परस्पर ठरवू नका. पोटातून डायलिसिस घेणाऱ्या ३७१ रुग्णांवर ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये चाचणी झाली, निकाल २०१४ साली आला. नळीच्या तोंडाशी रोज वैद्यकीय मध लावणं नाकात मुपिरोसिन लावण्यापेक्षा सरस ठरलं नाही, आणि मधुमेहींमध्ये तर संसर्गाचं प्रमाण वाढलेलं दिसलं.

निओमायसिन, सोफ्रामायसिन, पावडरी. निओमायसिनची ॲलर्जी पुष्कळांना होते, आणि कडा लाल-खाजऱ्या झाल्या की दोष मधाला दिला जातो. जखमेवर टाकायची अँटिबायोटिक किंवा आयोडीनची पावडर मधात कालवली की सिमेंटसारखा खडा बनतो, खालचा स्राव अडतो. ही जोडी सरळ टाळा.

तोंडावाटे किंवा इंजेक्शनने अँटिबायोटिक, वरून मध. प्रयोगशाळेतला सगळ्यात उत्साह देणारा भाग इथे आहे. ब्रिटनमधल्या कामात एमआरएसए हा ऑक्सासिलिनला न जुमानणारा जंतू मनुका मधाच्या सान्निध्यात पुन्हा त्या औषधाला बळी पडू लागला. सिडनीच्या कामात मध आणि रिफाम्पिसिन एकत्र असताना स्टॅफिलोकोकस जंतूमध्ये रिफाम्पिसिनचा प्रतिकार तयार झाला नाही. दोन्ही काचेच्या बशीतले निकाल, तरी दिशा पटणारी आहे. औषध रक्तातून खालून येतं, मध वरून, आणि दोघांची गाठ जंतूच्या अंगावर पडते. ड्रेसिंगमध्ये काहीच बदल करावा लागत नाही. पण यावरून रिफाम्पिसिनची कॅप्सूल फोडून मधात घालण्याचा प्रकार कुणी करू नये. आपल्याकडे ते क्षयरोगाचं मुख्य औषध आहे. एकट्याने, अर्धवट वापरलं तर क्षयाचे जंतू त्याला सरावतात आणि पुढे तो रुग्ण बरा करणं फार कठीण होतं. गोळ्या डॉक्टरांनी लिहिल्या तेवढे दिवस पूर्ण घ्यायच्या, मधामुळे जखम चांगली दिसली तरी.

मेट्रोनिडाझोल. दुर्गंधी येणाऱ्या, विशेषतः कर्करोगाच्या फुटलेल्या जखमांवर हे जेल किंवा कुटलेली गोळी वापरतात. मधही वास घालवतो: साखर मिळाली की जंतू प्रथिनं खायचं सोडतात, आणि अमोनिया-गंधकाच्या वासाऐवजी लॅक्टिक आम्ल तयार होतं. जेलमध्ये मध पातळ होतो, म्हणून दोन्हींपैकी एक जखमेवर ठेवा. मेट्रोनिडाझोल पोटातून आणि मध वरून ही सोपी व्यवस्था आहे. अशा जखमेतून स्पर्शानेच रक्त येत असेल तर मध नको.

स्लफ विरघळवणारी मलमं. कोलॅजिनेज आंबट वातावरणात मंदावतं, चांदी आणि आयोडीननेही. पपेन-युरियाचं मलमही मधाखाली थापू नका. मध तेच काम सावकाश करतो. दोन्हींची घाई केली तर कडेची चांगली कातडीही सोलते.

हळद, तूप, कडुनिंब. मध-तूप ही आपल्याकडची फार जुनी जोडी, आणि हळदीवरचा विश्वास तर घराघरात. पण स्वयंपाकघरातली हळद निर्जंतुक नसते, तिच्यात रंग उठून दिसावा म्हणून लेड क्रोमेट मिसळल्याचं आढळलेलं आहे, आणि ती जखमेचा तळ पिवळा करून टाकते. मग स्लफ कुठला आणि हळद कुठली हे नर्सलाही कळत नाही. तूप तळावर चरबीचा पडदा करतं. वैद्यांकडून औषधी घृत सुरू असेल तर त्यांच्या देखरेखीत तेच चालू द्या, मध वर लावू नका.

काय बिघडतं, आणि का

पहिल्या आठवड्यात जखम मोठी झाल्यासारखी वाटते. स्लफ सुटल्यावर तिचा खरा आकार दिसतो, एवढंच. स्रावही वाढतो. तळ जास्त लाल होत असेल, वास कमी होत असेल, तर घाबरायचं कारण नाही.

कडा पांढऱ्या आणि सुरकुतलेल्या: पॅड लहान आहे किंवा उशिरा बदललं जातं. मध कमी करू नका, पॅड मोठं करा.

पॅड कोरडं आणि मध तसाच घट्ट: जखमेत पुरेशी ओल नाही, एन्झाइम जागं होत नाही. इथे मधाची गरजच संपली असावी.

मुंग्या. महाराष्ट्रातल्या घरांत ही अगदी खरी अडचण आहे, आणि मधुमेहाने पाय बधिर झालेल्या माणसाला मुंगी चावलेली कळतही नाही. बाहेरचं बँडेज कुठून चिकट झालेलं नाही ना ते झोपण्याआधी पाहा, झालं असेल तर वरचा थर बदला. पलंगाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवा. वापरलेलं ड्रेसिंग दोन प्लास्टिक पिशव्यांत गाठ मारून लगेच बाहेर.

मोठ्या जखमेवर मध असेल तर मधुमेहींनी रक्तातली साखर नेहमीपेक्षा थोडी जास्त वेळा तपासावी. आणि टाचेखालच्या जखमेवर चालत राहिलात तर वर मध असो की चांदी, ती भरणार नाही. भार काढणारी चप्पल किंवा प्लास्टर हा उपचाराचा मोठा अर्धा भाग आहे.

किती दिवस पाहायचं

आठवड्यातून एकदा, एकाच वाराला, पट्टी शेजारी ठेवून फोटो काढा आणि लांबी-रुंदी लिहा. मधुमेही पायाच्या जखमेचं क्षेत्रफळ चार आठवड्यांत साधारण निम्म्यावर यायला हवं. आलं नाही तर औषध बदलत बसण्याआधी रक्तपुरवठा, साखर, हाडाचा संसर्ग आणि भार या चार गोष्टी डॉक्टरांकडून पुन्हा तपासून घ्या.

लाली कडेपासून २ सेंटिमीटरपलीकडे पसरली, ताप आला, पायावर वर जाणाऱ्या लाल रेषा दिसल्या, दाबल्यावर कातडीखाली करकर जाणवली, बोट काळं-निळं पडलं, किंवा रुग्ण गुंगीत वाटला, तर त्याच दिवशी रुग्णालय. जाताना ड्रेसिंगमध्ये काय काय लावलं होतं, कितव्या दिवसापासून, किती टक्क्यांचं, हे कागदावर लिहून न्या. आत मध आहे हे डॉक्टरांना माहीत नसेल तर तपकिरी स्राव पाहून त्यांचाही अंदाज चुकू शकतो.

सगळं नीट चाललं तर तळ लाल आणि दाणेदार होतो, पॅडवर जेमतेम डाग उरतो, कडेकडून गुलाबी पातळ कातडी आत सरकायला लागते. या टप्प्यावर मधही बंद करायचा. न चिकटणारं साधं ड्रेसिंग लावून आठवड्यातून दोनदा बदललं तरी पुरतं.